खाजता काय?

निवतीच्या उपकेंद्रात माझं टेबल खिडकीशी.
कातडी वाचायची तर उजेड लागतो,
ट्यूबलाइट खोटं बोलते.
पहिला प्रश्न, सतरा वर्षं तोच:
खाजता काय?

खाजता, म्हणते वासंती कुबल,
मनगटापर्यंत सोललेले हात पुढे करते.
कारखान्याने मोजे दिलेत, पण मोजे घालून
गर अख्खा निघत नाही, आणि तुकड्याला भाव कमी.
काजूच्या टरफलाचं तेल पेरापेरात काळं बसलंय.
हाताला आधी खोबरेल चोळ, मी सांगते.
तिला ते माझ्या आधीपासून माहीत आहे.

खाजता तर! म्हणतो इनास फर्नांडिस.
पोटरीवर चाबकासारखे वळ. यंदा रापणीत
मासळीपेक्षा झार जास्त.
कुणीतरी त्याला वर मुतायचा सल्ला दिला होता,
लाजून पाळला नाही. बरं केलंस, म्हटलं.

खाजता, खाजता, शाळेतली पाच पोरं,
कुंपणावरची खाजकुयली एकमेकांच्या शर्टात घातलेली.
त्यांतल्या एकाच्या बोटांच्या बेचक्यात मात्र खरूज,
म्हणजे उद्या त्याचं सगळं घर, चादरींसकट.
घामोळं. गजकर्ण. कोळंबी खाऊन उठलेल्या गांधी.
एका नव्या नवरीच्या कपाळावर
टिकलीच्या आकाराचा, टिकलीनेच दिलेला डाग.

खाज म्हणजे कातडी अजून भांडतेय.
भांडण ऐकू येतं तोवर मी चहा पिऊ शकते.

भीती वाटते ती 'नाय' ची.

नाय, म्हणाले भिवा तांडेल.
कोपराखाली फिका चट्टा. मी कापूस फिरवला,
सांगा, कुठे लागतं.
ते खिडकीबाहेर होड्या बघत राहिले.
कापूस मी ठेवूनही दिला, ते अजून वाट बघत होते.
गोळ्या संपेपर्यंत खाल्ल्या. परवा त्याच जागी
चुलीचा चटका बसला, ओरडले,
आणि बायकोने देवाला नारळ दिला.

नाय, म्हणाली गवत कापणारी शेवंती.
काखेत काळी खपली, जणू कुणी विडी विझवली.
सहा दिवस ताप. देवचाराला गाऱ्हाणं घालून झालेलं.
चावलेला किडा तिळाहून लहान;
त्याचं नाव सांगायचं राहून गेलं,
गाडीत बसवायची घाई होती.

आणि काल मेहरीन सोलकर, चौथीतली.
दुपारी ताप, संध्याकाळी पायांवर ठिपके,
करवंदं चिरडल्यासारखे. गोवर असेल, आई म्हणाली.
खाजतं का गं?
तिने मान हलवली. मान पुरती हललीच नाही.

मी चहाचा काचेचा पेला विसळला,
तिच्या पोटरीवर दाबला, काचेतून पाहिलं.
घामोळं असतं, पित्त असतं,
तर काचेखाली मावळलं असतं.
ठिपके तिथेच.
काचेतून उलट माझ्याकडे बघत.

फोन. डॉक्टर. इंजेक्शन. परुळ्याच्या चढावर
निळा दिवा दिसेनासा झाला, कुडाळमार्गे ओरोस.
आईच्या पायात चप्पल नव्हती,
हे मला गाडी गेल्यावर आठवलं.

रात्र फोनजवळ. पेला टेबलावर पालथा.
पावणेतीनला ड्रायव्हरचा मेसेज:
पाणी मागितलान. डॉक्टर उद्या सांगतत.

मग माझ्या घोट्याला डास चावला.
खाजवत बसले.
बराच वेळ.