छाट

एप्रिलातला तिसरा शनिवार. केगावला,
विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात
आम्ही एकेचाळीस जण. बाहेर त्रेचाळीस अंश.
सही केल्याशिवाय चहा नाही
आणि चाचणी दिल्याशिवाय
अनुदानाचा पुढचा हप्ता नाही.

संशोधन-नीती. सक्तीची. सहा तास.
शेजारी भूगर्भशास्त्राचे उंबरजे सर,
निवृत्तीला चौदा महिने उरलेले. वाकून म्हणाले,
"दगडांची संमती कुठल्या फॉर्मवर घ्यायची, मॅडम?"
मी हसले. जरा मोठ्यानंच.
हे सगळं दुसऱ्या कुणासाठी आहे
असं वाटत होतं तोवर.

पडद्यावर एक बाई, पेन हातात,
फॉर्म वाचते आहे, शेवटच्या ओळीपर्यंत.
विडी घरकुलात असं कुणी वाचलं नाही.
यन्नम, माझा विद्यार्थी, तेलुगूत सांगायचा,
मी शेजारी बसून मान हलवायचे,
आणि बायका मांडीवरच्या सुपातून नजर न काढता विचारायच्या,
कुठं लावू अंगठा?

अंगठा उमटायचा नाही.
तीस-तीस वर्षं पानं वळून रेषा झिजलेल्या,
शाईचा नुसता गोल डाग,
रेशनच्या यंत्रालाही न पटणारा.
आम्ही त्याला संमती म्हटलं आणि टाचणी मारली.

प्रश्न अकरावा.
एखादी नोंद वगळताना
तिचं कारण आपण लिहून ठेवता का?
अ, नेहमी. ब, बहुतेक वेळा. क, आठवत नाही.

क्रमांक सत्तेचाळीस.
नाव इथंही लिहीत नाही,
तेवढं तरी आज शिकले.
नळीत फुंकताना तिला ढास लागली.
दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा जो आकडा आला
तो इतका खाली, की मी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.
तिनं पदरानं नळीचं तोंड पुसलं, परत दिली.
"बगा की मॅडम, बरोबर आला का?"
जणू आकडा तिनंच वळला होता
आणि तो सैल झाला होता.

रात्री आलेख काढला.
बाकीचे ठिपके शहाण्या पोरांसारखे रांगेत,
ही एकटी खाली, कोपऱ्यात.
ही नसली की रेषा सरळ.
वीज गेलेली. लॅपटॉपच्या उजेडात बोटांवर डास बसत होते.
एक कळ दाबली.
कारण लिहिलं नाही.
जागा नव्हती असं नाही.

हजार विड्या घेऊन गेलं
की कारखान्यातला चेकर कट्टे चाळतो.
ही आखूड, ही ढिली, हिचं तोंड उघडं,
मूठभर बाजूला. छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
विड्याही परत मिळत नाहीत.

हे तिनंच सांगितलं होतं मला.
"कारण काय सांगत नाय. त्येची मर्जी."
मी शब्दन् शब्द उतरवून घेतला.
शोधनिबंधात आहे तो, पान नऊ, अवतरणचिन्हांत.
तिचं वाक्य ठेवलं.
तिचा श्वास काढला.

मी 'अ'वर खूण केली.
उत्तर बरोबर धरलं.

ब्याण्णव टक्के. प्रमाणपत्र जागेवरच छापून मिळालं,
श्री. महानंदा हत्तुरे.
टेबलावरचा मुलगा ओशाळला,
"चुकलंय मॅडम, अर्ज द्या, दुरुस्त करून देतो."
किती सोपं.
उंबरजे सर जिन्यात म्हणाले, सुटलो बुवा एकदाचे.

घरी येऊन जुनी फाइल उघडली.
ओळ पुसलेली नव्हती, नुसती लपवलेली.
सेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस
आणि मधे केसाएवढी फट.
तिच्यावर बोट ठेवून बसले आहे.
संपादकांना पत्र लिहायचं तर आधी
मायना काय घालावा, इथंच अडलंय.
बाहेर कुणाच्यातरी मागावर रात्रपाळी सुरू झाली,
खटक खटक,
एकही धागा न गाळता.