फाट्याच्या आत

एकतीस वर्षं मी कदंबाची बस चालवली,
डिचोली ते पणजी, पणजी ते डिचोली,
आणि या फाट्याचं फक्त तोंड पाहिलं:
एक वाकडा माड, पिवळट पाटी,
पाटीवर कुणीतरी खडूनं काढलेला मासा.
आत काय आहे ते विचारायला वेळ नव्हता.

आता सायकल आहे,
जावयानं टाकून दिलेली, कॅरियरला सुतळी,
गिअर एकच, तोही माझ्या गुडघ्यांचा.
पौषातली सकाळ. मी उजवा हात बाहेर काढला
(मागं कुणीच नव्हतं, सवय)
आणि वळलो.

रस्ता लगेच लहान झाला.
डांबर संपलं नाही, नुसतं थकलं,
मधोमध गवताची रेघ उगवू दिली त्यानं.
एका अंगाला खाजन, वायंगणाची कोवळी रोपं,
दुसऱ्या अंगाला बांध, बांधात मानस,
तिच्या शेवाळलेल्या फळ्यांतून
पाणी आत येतंय की बाहेर जातंय
हे पाहायला मी उतरलो.
बराच वेळ कळलं नाही.
कुणी मागून हॉर्नही दिला नाही.

टायरखाली खडीचा बारीक आवाज,
तांदूळ निवडताना येतो तसा.
तारेवरचा खंड्या मी खालून गेलो तरी बसून राहिला.
बसला सगळेच उडायचे.

वळणावर पोदेर भेटला, खानापूरचा पोरगा,
त्याची सायकल माझ्याहून जुनी,
भोंपू मात्र नवा, लाल.
दोन पोळ्या घेतल्या त्याच्याकडून.
एक तिथंच खाल्ली, उभ्यानं,
एक शर्टाच्या खिशात ठेवली. छातीला ऊब.

मग एक घर. कुंपणाशी एक बाई
तांबडी भाजी खुडत होती.
तिनं मान वर केली, नीट पाहिलं,
आणि विचारलं:
"तूं सात-धाची बस न्हय रे?"

माझं नाव तिला ठाऊक नव्हतं,
पण वेळ पाठ होती.
"हय," मी म्हणालो.
"एक दीस रावलो ना तूं. हांव धांवताली. हातांत फायल."

यंदा आंब्याला मोहोर उशिरा, असं सांगावं तसं सांगितलं तिनं.
कुठला दिवस? मला आठवेना.
आरशात एक मुलगी लहान लहान होत गेली असेल,
आरशात खूप जण लहान होतात.
इनासनं दोनदा घंटी ओढली असेल,
दोन घंट्या म्हणजे चल,
आणि दोन घंट्यांनंतर मी कधी मागं पाहिलं नाही.
फाईलमध्ये काय होतं
हे विचारायला तोंड उघडलं,
तेवढ्यात तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.
विहिरीचं पाणी, किंचित मचूळ.

जाताना केळीच्या पानात भाजीची जुडी बांधली तिनं.
"पलतडी वता जाल्यार म्हजे भयणीक दी.
धक्क्यार नुस्तें घेवन बसता."
पलीकडे जायचं माझं काही ठरलं नव्हतं.
"वतां," म्हणालो.

नार्व्याच्या फेरीत दोन स्कूटर, एक बोकड आणि मी.
पूर्वी तिथं मी सीटवरून उठत नसे,
डोळे मिटून इंजिनाची धग घेत बसायचो.
आज पहिल्यांदा दिसलं
की पाण्याला मधोमध वेगळा रंग आहे,
आणि तो रंग सरकतो.

धक्क्यावर बहीण ओळखू आली,
तोच कपाळाचा भाग, समोर टोपलीत शेवटाळे.
जुडी पुढं केली.
"कोणें धाडली?"
तिचं नावच विचारलं नव्हतं मी.
"वाकड्या माडाकडल्या फाट्यावरून," म्हणालो.
"आनी तूं कोण?"
"सात-दहाची बस."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे,
मग सूर्याकडे.
"उशीर जालो न्हय रे,"
ती म्हणाली,
आणि जुडीतली पिवळी पानं वेगळी करू लागली.

मी धक्क्याच्या कडेला बसून
खिशातली पोळी काढली.
गार झाली होती, चिवट.
सावकाश चावत राहिलो.
फेरी एकदा गेली, परत आली,
पुन्हा गेली.