जावक

जिंतूरच्या तहसिलीत एकतीस वर्षं
आवक-जावकची वही माझ्याकडं होती.
परवा वाचनालयातल्या नसरीननं
कॉम्प्युटरवर एक दफ्तर उघडून दिलं:
आभाळात धाडलेल्या एकेका वस्तूची नोंद,
क्रमांक, तारीख, वजन, कक्षेची उंची.
ठेवलंय नीट. खाडाखोड नाही कुठं.

एक मात्र खटकलं.
जावक भरलेली, आवकचा रकाना कोरा,
अशा हजारो ओळी,
आणि एकालाही स्मरणपत्र गेलेलं नाही.

एकाचा शेरा वाचला:
बंद. संपर्क तुटला. फिरतोय.
साल माझ्या नेमणुकीचं.
खाली आपल्या गावापुरती वेळसुद्धा:
सात बेचाळीस, नैर्ऋत्येकडून.

गच्चीवर गेलो. नसरीन म्हणाली, काका, चष्मा.
टॉवरच्या लाल दिव्यावरून
एक ठिपका निघाला,
सही करून घराकडं वळलेल्या माणसासारखा,
घाई न करता,
आणि येलदरीच्या अंगाला विझला.
घड्याळात सात त्रेचाळीस.
त्यांचं चुकलं असेल, नाहीतर माझं घड्याळ.

रात्री जुन्या वहीच्या मागच्या पानावर
लाल शाईनं लिहिलं: समक्ष पाहिला.
तारीख घातली.
शिक्का तेवढा राहिला.