वजनात न धरलेलं

सकाळी साडेपाचला कोंबडा नाही, सुगनबाई आरवते,
फाटकाची साखळी दगडावर आपटून :
"बई, नेवलो आयो थो!"
मी टॉर्च घेऊन धावते.
चार पिसं, दोन थेंब रक्त,
आणि उरलेल्या एकोणीसजणी माझ्याकडे अशा बघतात
जणू मीच ते मुंगूस.

ह्यांनी जाळीला पुन्हा तार गुंडाळली.
तीस वर्षं बँकेत बेरजा जुळवलेला माणूस,
त्याला अजूनही वाटतं, भोक एकच असतं.

अंडी तेरा. त्यातली पाच खुराड्यात,
बाकीची जिला जिथं सुचलं तिथं :
कडब्याखाली, फुटक्या कुंडीत, ह्यांच्या हेल्मेटमध्ये.
उद्या भंवरकुव्याच्या होस्टेलला ट्रे जाईल.
तिथली पोरं परीक्षेच्या दिवशी दोन-दोन खातात,
निकालाच्या दिवशी हिशेब मागू नये.

कोंबड्यांना भाषा लागत नाही,
दाण्याचा डबा वाजला की पुरे.
शेळ्यांचं तसं नाही.
त्या सांवेरच्या हाटातून मालवी ऐकतच आल्या.
पहिले आठ दिवस मी बांधावर उभी, "ये गं, ये गं" करत,
आणि त्या शेजारच्या हरभऱ्यात, निवांत.
सुगनबाई नुसतं "आव" म्हणाली
आणि सगळ्या परत, नळावरून आल्यासारख्या,
एकमेकींना ढुशा देत.

गजक तेवढा वेगळा.
गेल्या संक्रांतीला जन्मला, तिळाच्या रंगाचा,
आईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.
मग बाटली माझी, पोतं माझं, स्वयंपाकघराचा कोपरा माझा,
रात्री दोनला "पी रे बाळा" तेही माझंच.
तिल्लोरच्या ह्या सबंध रस्त्यावर
मराठी कळणारे आम्ही तिघं :
मी, हे, आणि तो.
त्यातही ह्यांना एकदा सांगून कळत नाही.

काल अय्यूबभाई आले, देपालपूरहून, टेम्पो घेऊन.
कडुलिंबाच्या फांदीला काटा अडकवला.
एकतीस किलो.
दात बघितले, पाठ चाचपली,
"कळपासाठी नेतोय, बाई, कापायला नाही," म्हणाले.
मी विश्वास ठेवायचा ठरवला.
ठरवावा लागतो.

दोर ओढला, गजक हलेना.
"चल बेटा," "आजा राजा," मागून एक चापट,
पुढे हिरवा पाला.
चारही पाय जमिनीत रोवून तो माझ्याकडे बघत उभा.
हे एकदम पंपाकडे गेले, बंद पंप बघायला.
मी पदराला हात पुसत राहिले, हात कोरडे असताना.
मला ठाऊक होतं, एक शब्द पुरेल.
म्हणूनच तो तोंडातून निघत नव्हता.

शेवटी मीच टेम्पोत चढले.
"ये रे बाळा," म्हटलं.
आणि तो आला. फळीवर पाय न घसरता,
थेट माझ्या गुडघ्यापाशी.
मी दुसऱ्या बाजूनं उतरले.

रात्री नऊला फोन :
"कुछ खाता नहीं, बाई. आप क्या बोलती थीं इसको?"
मी सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं,
"ये रे बाला."
बाला नाही, बाळा.
"बाला."
जीभ मागे वळवा, टाळूला लावा, अय्यूबभाई,
आणि मग सोडा.
पलीकडे एक मोठा माणूस अंधारात, गोठ्यात बसून
ळ शिकत होता.
चौथ्या खेपेला जमला असावा,
कारण नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही,
फक्त पाला मोडल्याचा आवाज येत राहिला.

वहीत ह्यांनी रक्कम मांडली, खाली दोन रेघा ओढल्या.
मी चष्मा शोधण्याच्या निमित्तानं
कोपऱ्यातलं पोतं उचललं, झटकलं,
पुन्हा तिथंच अंथरलं.

साडेपाचला साखळी.
"बई!"
कालची तार जागच्या जागी आहे.
भोक पलीकडच्या बाजूला.