खलास

ऑगस्टात हमूद बिन नासेरने दाराशी बादली ठेवली.
निळी, कधीकाळी रंगाची, कडेला पांढरा ओघळ वाळलेला,
आत काठोकाठ खजूर.
‘खलास,’ तो म्हणाला.
मला वाटलं, मोसम संपला.
मग कळलं, ते जातीचं नाव.
आमच्याकडे संपलं की खलास म्हणतात, मी सांगितलं.
तो बादलीकडे बघून हसला.

सोहारमध्ये ऑगस्ट म्हणजे
दोन्ही तोट्यांना गरम पाणी,
आणि फ्रिजवरच्या दिनदर्शिकेत हिरवे रविवार :
सामान्यकाळातला एकोणिसावा, विसावा, एकविसावा.
ना सण, ना उपास. नुसते क्रमांक,
लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर मी चिकटवते तसे.
बारा वर्षं मी हे आठवडे ढकलत आले.
मोजायचे ते वेगळे दिवस :
एलायसची फहूदहून येणारी गाडी, सुट्टीचं तिकीट, नाताळ.
मधलं सगळं भरताड.

खजूर मला नाही,
मीच खजुराला पुरेना.
डबे भरले. लॅबमध्ये वाटला. मिस्सानंतर बाकांवरून फिरवला,
त्या नव्या गोवेकर पोराच्या खिशात कोंबला,
ज्याचा पहिला पगार अजून व्हायचा होता.
तरी हात घातला की तळ लागेना.
महिनाअखेरीचा हिशेब करणाऱ्या हाताला
एवढं मिळणं जडच जातं.

त्याच्या बागेत मी फेब्रुवारीत गेले होते,
राखेच्या बुधवारी, कपाळ न पुसता.
त्या वर्षी त्यांचा रमजान आणि आमचा उपवासकाळ
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले.
मोइनुल दोर कमरेला बांधून वर चढला,
आमच्याकडे शिंदीवर चढतात तसा,
आणि नराचा फुलोरा मादीच्या तुऱ्यात खोचत राहिला.
पांढुरकी धूळ खाली आली, माझ्या राखेवर बसली.
आता पुढे काय? मी विचारलं.
‘आता काही नाही,’ हमूद म्हणाला. ‘आता ऊन.’

झावळ्यांच्या रविवारी त्याच बागेतल्या झावळ्या,
काटे न तासलेल्या.
होसान्ना म्हणता म्हणता फादरांचं बोट रक्ताळलं.
ईस्टरला फळं बोराएवढी, हिरवी.
मी एक चावून पाहिलं.
पुनरुत्थान झालं होतं,
खजूर मात्र तुरटच.

पिकला तो नंतर.
नाव नसलेल्या त्या रविवारांत,
सत्तेचाळीस अंशांत, ज्या उन्हाला
मी बसस्टॉपवर उभी राहून शिव्या घालत होते.

रिकामं भांडं परत करू नये,
हे आमच्या अख्ख्या नंदाखालने मला शिकवलंय.
एरवी मूठभर साखर चालली असती.
पण जी काठोकाठ आली
तिच्यात मूठभर काय घालायचं?
म्हणून बादली गॅलरीत राहिली. सप्टेंबर, ऑक्टोबर.
एलायस दोनदा येऊन गेला, दोनदा तिला अडखळला.

आगमनकाळ लागला तेव्हा मी ती पालथी घातली
आणि तिच्यावर चार मेणबत्त्या उभ्या केल्या.
पहिल्या आठवड्यात एकच पेटते.
उरलेल्या तीन नुसत्या उभ्या असतात,
वाती कोऱ्या, ताठ.
या वर्षी मी त्यांच्याकडेही बघत बसले.

चोवीस तारखेला नेवऱ्या तळल्या. दोन घाण्यांतल्या फुटल्या.
बादली जेमतेम अर्धी भरली.
तेवढीच घेऊन गेले.
हमूदने ती फिरवून पाहिली,
बुडाला सांडलेलं जांभळं मेण पाहिलं.
‘ही माझी?’ तो म्हणाला. त्याला आठवतही नव्हतं.
त्याच्या बायकोने नेवऱ्या परातीत ओतल्या,
मागच्या दाराने बाहेर गेली,
आणि बादली पुन्हा माझ्या हातात :
लिंबं. काठोकाठ. वर दोन पानंसुद्धा.

आता लोणचं घालावं लागणार.
मुरायला राखेचा बुधवार उजाडेल.
मीठ आहे घरात.
बरण्या मात्र शेजारून मागायला हव्यात.