चिंध्यांची दोरी

दर शनिवारी मी गावच्या नऊ विहिरी मोजते.
दोरीला हात-हातावर चिंधी,
टोकाला फुटक्या वरवंट्याचा तुकडा.
दगड पाण्याला लागला
की दोरी बोटांत सैल पडते,
तेवढंच माझं शास्त्र.
वही पोराची, चौकटीची.
एका पानावर त्याची बेरीज आहे अजून, चुकलेली.

टेकडीवरची बरड झिबल कुमरेची.
कुसळाशिवाय काही उगवायचं नाही तिथं.
पावसाळ्यात लाल पाणी उड्या मारत उतरायचं
आणि जाताना गुणवंत ठवकरचा धुरा घेऊन जायचं.
त्या धुऱ्यापायी दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते.
पोळ्याला बैलसुद्धा वेगळ्या वाटांनी.

चिंचेखाली सभा झाली.
चहा दोनदा, भांडण तीनदा.
फुलवंता मडावी उठली :
"पाण्याले सातबारा वाचता येत नाही.
वरून सुरू करा."

तीन काठ्यांची चौकट, मधे लोंबता दगड.
दगड खुणेवर थांबला
की दोन्ही पाय एका उंचीवर.
अशी पावलापावलानं मोजली टेकडी,
मागून चुन्याची रेघ, रेघेमागून कुदळी.
झिबलच्या बरडीत सतरा चर.
काठानं शिवण, आवळा, बांबू, सीताफळ,
मधल्या पट्ट्यात तूर, पोटाला.
सुबाभूळ मतदानात पडली.
बकऱ्यांशी नाही, त्यांच्या मालकिणींशी ठरलं :
चराई बंद, गवत मात्र कापून न्या
डोईवर मावेल तेवढं.

जगलेल्या रोपाला टिंब, मेलेल्याला फुली.
पहिल्या वर्षीचं पान
नुसतं फुल्यांचं दिसतं.
मग बायकांनी जुनी मडकी बुडाशी टोचून
रोपांशेजारी पुरली, भोकात वात घातली,
देवापुढे लावतात तशीच,
फक्त तेलाऐवजी पाणी.

तिसऱ्या उन्हाळ्यात
नागपूर सत्तेचाळीसवर गेलं त्या आठवड्यात
झिबलच्या विहिरीत दगड खडकावर वाजला.
गुणवंतच्या विहिरीत
दोरी सहाव्या चिंधीलाच सैल पडली.
ओढली, पुन्हा सोडली.
सहाच.
मागच्या सालात चौदा होत्या.

खणलं एकानं, निघालं दुसऱ्याकडे.
शनिवारी लिहायला हात धजेना.
रविवारी लिहिलं.

गुणवंत सांजच्याला वही बघायला आला.
बोट ठेवून ठेवून वाचलं,
उंबऱ्यात चपला शोधत थोडा वेळ उभा राहिला
आणि गेला.

सकाळी त्याच्या मोटारीला काळा पाइप होता,
उताराच्या उलट, खचलेल्या धुऱ्यावरून
वर, बरडीकडे.
झिबल चराच्या काठावर उकिडवा.
विचारलं त्यानं काहीच नाही.
गुणवंतच म्हणाला, पाइपाकडे बघत,
"रोपं मरतीन ना बे."

वहीत याला रकाना नव्हता.
पोराच्या बेरजेखाली थोडी जागा होती,
तिथं तारीख घातली.