काटा मधोमध

कंपनीचा काटा कधी खोटं बोलत नाही,
तो फक्त मधोमध उभा राहतो.
पाणी ऐंशीवर असो, एकशे पाचवर असो,
लग्नातल्या दूरच्या काकासारखा : सगळं व्यवस्थित.
गेल्या साली फोंडा घाटात, दाजीपूरच्या अलीकडे,
तो असाच मधोमध होता
आणि बॉनेटखालून वाफ आली. हेड गॅस्केट.
मागे सुरमईची बारा खोकी,
बर्फाचं पाणी रस्त्याच्या कडेने
परत देवगडाकडे निघालेलं.

म्हणून यंदा होड्या ओढायच्या आधी
गाडी आतू कोयंडेच्या शेडमध्ये नेली.
तीन डायल हवेत, म्हटलं,
टर्बोचा दाब, ऑइलचा दाब, एक्झॉस्टची धग.

ट्रॉलरच्या इंजिनांत चाळीस वर्षं काढलेला माणूस.
लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून सांगायचा : तिसरो इंजेक्टर ठिबकता.
आणि तो ठिबकत असायचाच.
वाटलं, म्हणेल, काट्यांचे चोचले कशाला.
म्हणाला, "लावया."

मॅनिफोल्डला भोक पाडायच्या आधी
ड्रिलच्या टोकाला ग्रीस थापलं,
इंजिन मंद चालू ठेवलं, कीस बाहेर फेकला जावा म्हणून.
"एक कण आत रवलो तर पात्यांचो भुगो."
त्याने श्वास धरला. मीही.
मग आटे पाडले, पाव फेरी पुढे, जराशी मागे,
तान्ह्याच्या कानात तेल सोडावं इतक्या सावकाश.

वायरी आत घेताना पत्र्याच्या भोकाला रबराची चकती.
लाल फ्यूजला, पिवळी दिव्याला,
काळीसाठी मात्र रंग खरवडत बसला
पत्रा चकचकीत होईस्तोवर.
"खाऱ्या वाऱ्यात अर्थ टिकना नाय," म्हणाला,
"आणि अर्थ नीट लागलो नाय
तर काटो भलताच बोलता."
मी मोठ्याने हसले.
त्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

चावी फिरवली.
तीन काटे टोकापर्यंत जाऊन परत आले, हजेरी दिल्यासारखे.
आतू बॉनेटखाली वाकलेला, स्क्रूड्रायव्हर सवयीने कानाला,
मग दुसऱ्या कानाला,
मग परत पहिल्या.
खिडकीपाशी आला.
"बाय, आवाज कसो येता?"
परीक्षा घेतोय असं वाटलं मला.
टर्बोची शीळ आहे, म्हटलं, बारीक. बाकी साफ.
"शीळ येता?"
एवढंच विचारलं त्याने, दोनदा,
आणि आत डोकावून ऑइलच्या काचेवर नख वाजवलं :
"अठ्ठावीस पौंड. होय. बरोबर."

तारामुंबरीच्या वाळूत दुसऱ्या दिवशी
'कालिकाप्रसाद' ओढायला घेतली.
लो रेंज, पहिला गिअर, दोर ताठ,
मागे पंचवीसजण ओरडत, आणि कोण काय ओरडतंय
कुणालाच कळत नाही.
आतू शेजारच्या सीटवर. होडीकडे बघत नव्हता,
वाळूकडेही नाही.
"पाचशे ऐंशी. सहाशे धा. वायच आसा अजून.
सहाशे चाळीस, सोड!"
पाय उचलला. होडी तीन हात वर आलेली.
असं अकरा वेळा.

शेवटी गाडी लगेच बंद करू दिली नाही.
टर्बो निवू दे. दोनशेच्या खाली येऊ दे.
मग आम्ही नुसते बसून राहिलो
उतरणाऱ्या काट्यासमोर,
त्याचा तळवा डॅशबोर्डवर पसरलेला,
दुखऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.
तीनशे.
अडीचशे.
कधीपासून, आतू, विचारावंसं वाटलं,
पण ते मोठ्याने विचारावं लागलं असतं
आणि काचेबाहेर पंचवीसजण दोर गुंडाळत होते.

एकशे नव्वदला त्याने बोट उचललं.
मी चावी फिरवली.
इंजिन थांबलं आणि समुद्र ऐकू आला.
मला तरी.